पोराच्या हातात वही द्या



मागच्या महिन्यात एका तालुक्याच्या बैठकीला गेलो होतो. विषय नेहमीचेच होते. सोयाबीनचा भाव, विम्याचे पैसे, रात्रीची वीज. भाषणे झाली, चहा झाला. माणसे उठू लागली तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा उभा राहिला. वय असेल तेवीस. डोक्यावरचे केस नुकतेच उगवू लागलेले, म्हणजे वडिलांना जाऊन महिना-दीड महिना झालेला. तो म्हणाला, "दादा, भावाचं सगळं पटलं. पण माझ्या बापावर कर्ज किती होतं, हे मला कोण सांगल? रोज एक जण दारात येतो आन् आकडा सांगतो. कोण चाळीस हजार म्हणतं, कोण सव्वा लाख. मी समद्यांना हो म्हणतो. खरं कोणतं, खोटं कोणतं, मला काय माहीत?"

बैठकीत कुणाजवळ उत्तर नव्हते. एक जण म्हणाला, सरकारच्या धोरणाने हे झाले. दुसरा म्हणाला, कर्जमाफी झाली पाहिजे. मीही त्याच सुरात चार वाक्ये बोललो. मुलाने मान डोलावली आणि खाली बसला. परतीच्या एस. टी.त मला माझीच लाज वाटली. त्या पोराने धोरण विचारले नव्हते, आकडा विचारला होता.

म्हणून आज या पानावर भावाबद्दल नाही, हिशेबाबद्दल लिहितो आहे. आणि ते मुख्यतः विशी-पंचविशीतल्या मुलामुलींसाठी आहे.

माझ्या घरची ट्रंक

दुसऱ्याचे सांगण्याआधी माझे सांगतो. २००४ साली माझे वडील गेले तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. परभणीला कृषीची पदवी घेतलेली, एका खत कंपनीत नोकरीला लागलेला. सोयाबीनला हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश किती हे झोपेतून उठवून विचारले असते तरी ३०:६०:३० असे सांगितले असते. पण माझ्या घरावर सोसायटीचे किती, दुकानाचे किती आणि हातउसने किती, हे मला माहीत नव्हते. कधी विचारले नाही, कुणी सांगितले नाही. विचारले असते तर वडील म्हणाले असते, "तू शिक्षणाकडं बघ, ते मी बघतो." तुमच्या घरीही हेच वाक्य असेल.

तेराव्यानंतर ट्रंक उघडली. कापडी पिशवीत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. आडतीच्या पट्ट्या, औषधाच्या दुकानाच्या कच्च्या पावत्या, सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले आकडे. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, तुझ्या वडिलांकडे माझे साठ हजार आहेत. वडिलांचे नाव खराब होऊ नये म्हणून मी बैलजोडी विकली, उरलेल्यासाठी नोकरीवर उचल घेतली आणि सगळे चुकते केले. चार लोकांत शाबासकी मिळाली, पोरगा बापाच्या शब्दाला जागला म्हणून.

दोन वर्षांनी बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना विषय निघाला. आई चुलीपुढून म्हणाली, "पण त्याला तर दिवाळीतच पंचवीस हजार दिले होते की. मीच डब्यातून काढून दिले." मी म्हणालो, "मग तेव्हा बोलली का नाहीस?" आई म्हणाली, "मला कोणी इचारलं का रं?"

त्या गृहस्थांकडे गेलो. ते म्हणाले, "कागद आहे का?" कागद नव्हता. आज ते नाहीत, त्यांचे नाव मी घेणार नाही. पण पंचवीस हजार रुपये आणि एक बैलजोडी ही माझ्या पदवीनंतरच्या पहिल्या शिक्षणाची फी होती. आणि त्या शिक्षणाचा अर्धा भाग असा, की घरातला खरा हिशेब जिच्या डोक्यात होता, तिला पदवीधर पोराने विचारलेच नव्हते.

अंथरूण कुणी फाडले?

आता काही जुने कार्यकर्ते मनात म्हणतील, हा माणूस आपल्या पानावर काटकसरीचे कीर्तन कशाला करतो आहे? शेतकरी उधळ्या आहे, त्याला हिशेब येत नाही, लग्नात पैसा घालवतो, म्हणून बुडतो, हे तर सरकारी साहेबांचे पालुपद. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या काळीही साहेब लोक म्हणत होते की कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून कर्जात जातो. पण त्या आयोगालासुद्धा लिहावे लागले की लग्नाच्या खर्चाचा बाऊ वाजवीपेक्षा जास्त केला जातो. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाला जे कळले, ते आजच्या साहेबाला कळत नाही एवढेच. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण अंथरूण कुणी फाडले हेही विचारले पाहिजे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या खाली पट्ट्या फाटत होत्या. अशा धंद्यात कितीही काटकसर केली तरी तोटा तो तोटाच. त्या मुद्द्यावर मी तसूभर मागे सरकलेलो नाही.

पण सुप्याच्या शेतकऱ्यांची दुसरी गोष्ट आपण विसरतो. त्यांचा रोख कशावर होता? खतांवर, रोख्यांवर, हुकूमनाम्यांवर. कागद दिले तिथे बहुतेक ठिकाणी माणसाच्या केसाला धक्का लागला नाही. कागद मिळाले नाहीत तिथे दंगा झाला. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांनाही हे पक्के ठाऊक होते की आपला जीव त्या कागदात अडकला आहे. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला.

आज ते कागद पेटवता येत नाहीत. ते बँकेच्या संगणकात आहेत, सातबाऱ्याच्या इतर हक्कात आहेत, सिबिलच्या खात्यात आहेत. मग उरते एकच. ते वाचायचे. आपल्या पोरांना आपण वाचायला शिकवले, पण हे कागद वाचायला दिले नाहीत.

बिनपगारी मालक

शेतातल्या तरुणाला पैसा सांभाळता येत नाही अशी तक्रार थोरले करतात. मी उलटे विचारतो, त्याच्या हातात पैसा येतो कधी? शहरात बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या त्याच्या चुलतभावाला दर महिन्याला पगार मिळतो. पगार कमी असेल, पण त्यातून भाडे, खानावळ आणि घरी पाठवायचे पैसे त्याला वेगळे काढावे लागतात. चुकत चुकत तो शिकतो. गावातला भाऊ मात्र पहाटे पाणी द्यायला जातो, दुपारी फवारणी करतो, संध्याकाळी धार काढतो आणि पेट्रोलला शंभर रुपये लागले तर बापापुढे उभा राहतो. पंचविशीपर्यंत त्याच्या हातून एकही व्यवहार होत नाही. मग एक दिवस अचानक सगळे ओझे त्याच्या डोक्यावर येते.

हा घराघरातला प्रश्न वाटतो, पण तो थेट भावाच्या प्रश्नाला जोडलेला आहे. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च तीन तऱ्हांनी मांडतो. बियाणे, खत, मजुरी, डिझेल असा खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-टू. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-टू अधिक एफ-एल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले की सी-टू. सरकार हमीभावात जी दीडपट सांगते ती ए-टू अधिक एफ-एल या खर्चावरची. २००४ साली नेमलेल्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने, म्हणजे आपण ज्याला स्वामीनाथन आयोग म्हणतो त्याने, खर्चावर किमान पन्नास टक्के मागितले. ते सी-टूवर मिळावेत म्हणून देशभर शेतकरी भांडतो आहे. पण ज्या घरच्या श्रमाचा हिशेब आयोगाने धरावा म्हणून आपण रस्त्यावर बसतो, तो श्रम आपल्या स्वतःच्या घरात कुणी धरतो का? मुलाचा, सुनेचा, मुलीचा रोज आपल्या वहीत शून्य असतो. आपणच शून्य लिहिला तर दिल्लीतला साहेब काय लिहिणार?

म्हणून माझी पहिली सूचना. घरातल्या प्रत्येक राबत्या तरुण माणसाचा रोज वहीत लिहा. गावात जो रोजंदारीचा दर असेल तोच लावा. पैसा हातात द्यायला नसेल तर येणे म्हणून लिहा. पट्टी आली की थोडे का होईना, त्याच्या किंवा तिच्या बँक खात्यात टाका. त्याचा फोन, त्याचे पेट्रोल, त्याचे कपडे त्याने त्यातून करावेत. आधी हजार रुपये सांभाळता आले तर उद्या लाख सांभाळता येतील.

सही करण्याआधी

अठरा पूर्ण झाली की कायद्याने तुमची सही पक्की. लग्नाला कुणी विचारो न विचारो, सहीला लोक लगेच विचारतात. त्या सहीबद्दल चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बापाच्या कर्जाची. बापाच्या मागे जे शेत, घर, पैसा तुमच्याकडे आला, तेवढ्यापुरतीच त्याच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते. तुमच्या स्वतःच्या कष्टाच्या कमाईवर ती येत नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून जी दुरुस्ती झाली, तिने त्यानंतरच्या कर्जापुरते हेही स्पष्ट केले की केवळ मुलगा आहे म्हणून, बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य आहे म्हणून, कोर्ट वसुली लावणार नाही. (त्याच दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मतः हिस्सा दिला. आपल्या महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता.) सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा जमिनीवर असेल तर तो जमिनीबरोबर येतोच, तो चुकवता येत नाही. पण दारात येऊन तोंडी आकडा सांगणाऱ्यापुढे मान खाली घालायचे कारण नाही. त्याला एवढेच म्हणा, "कागद दाखवा, किती तारखेला दिले, किती परत आले ते लिहून द्या." आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दुःखाच्या दिवसांत कोणत्याही नव्या कागदावर सही करू नका. बापाच्या नावाची चिठ्ठी फाडून तुमच्या नावाने नवी लिहून घेतली, की ते कर्ज बापाचे राहत नाही, तुमचे होते. सावकाराचा सगळा डाव त्या एका सहीसाठी असतो.

दुसरी गोष्ट जामीनकीची. मित्र म्हणतो, "नुसती सही दे, हप्ते मी भरतो." भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात साफ लिहिले आहे की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी त्याच्याकडे जावे आणि मग तुमच्याकडे यावे, असे काही नाही. ती सरळ तुमच्या दारात येऊ शकते. त्याचे हप्ते थकले तर डाग तुमच्याही सिबिलवर पडतो, आणि उद्या ठिबकसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी तुम्ही बँकेत गेलात की साहेब तोच डाग दाखवतो. जितके पैसे त्याला उसने म्हणून हातात द्यायची तुमची ऐपत आणि तयारी आहे, तितक्यालाच जामीन राहा. नाही म्हणायला जीभ अडखळते हे मला माहीत आहे. "घरी विचारून सांगतो" एवढे म्हणायला शिका आणि खरेच घरी विचारा.

तिसरी गोष्ट खासगी सावकाराची. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला परवाना लागतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि सावकारीपायी बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण अर्जाला पुरावा लागतो. रोखीने दिलेल्या पैशाला पुरावा नसतो. म्हणून परतफेड बँकेतून करा. फोनवरून करा. रोखच द्यावी लागली तर दोन माणसांदेखत द्या आणि त्याच रात्री वहीत लिहा.

चौथी गोष्ट सांगताना हात जड होतो. ज्या घरातला कर्ता आत्महत्या करतो, त्या घराला सरकार एक लाख रुपये देते, तेही प्रकरण पात्र ठरले तर. पात्र ठरण्यासाठी कर्ज आणि वसुलीचा तगादा कागदावर दिसावा लागतो. कित्येक घरांत विधवेला आणि मुलांना हे सांगताच येत नाही की कर्ज कुणाचे होते. माणूस आकडा उराशी धरून गेलेला असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपल्याकडे ती मूठ झाकून ठेवताना माणसाचाच श्वास कोंडतो आहे. आकडा घरातल्या चौघांना माहीत असता तर त्याचे ओझे एकट्याच्या छातीवर बसले नसते, असे मला राहून राहून वाटते.

हप्ता महिन्याचा, पट्टी सहा महिन्यांची

तरुणांना आता कर्ज मागायला जावे लागत नाही, कर्जच त्यांना शोधत येते. मोटारसायकलच्या दुकानात, मोबाईलच्या दुकानात, फोनच्या पडद्यावर. त्याचे गणित एकदा करून पाहू.

दुकानदार म्हणतो, एक लाखाला फक्त बारा टक्के व्याज, दोन वर्षे मुदत. म्हणजे चोवीस हजार व्याज. एकूण एक लाख चोवीस हजार, चोवीस हप्ते, हप्ता ५,१६७ रुपये. ऐकायला स्वस्त वाटते. पण पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर देता. घटत्या बाकीवर मांडले तर हाच दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. गावातला सावकार शेकडा तीन रुपये महिना म्हणतो, ते वर्षाला छत्तीस टक्के. पाच रुपये म्हणतो, ते साठ टक्के. "महिन्याला", "फ्लॅट", "प्रोसेसिंग" असले शब्द आले की एकच प्रश्न विचारा: "घटत्या बाकीवर वर्षाला किती टक्के, ते कागदावर लिहून द्या." लिहून देत नसेल तर उठा.

दुसरे असे की हप्ता दर महिन्याला येतो आणि आपल्या घरात पैसा येतो खरिपाच्या पट्टीला आणि रब्बीच्या पट्टीला. मधल्या महिन्यांचा हप्ता कुठून भरणार? दूध, कोंबड्या, भाजीपाला, कुणाची नोकरी, असे महिन्याचे उत्पन्न घरात असेल तेवढ्यातच महिन्याचा हप्ता बसवा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मायक्रोफायनान्ससाठी नियम केला की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. ही कमाल मर्यादा आहे, सल्ला नाही. कोरडवाहू घराने तर त्याच्या खूपच अलीकडे थांबावे.

आणि पीककर्जाचे नवं-जुनं. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते. मुदतीत भरले तर केंद्राची तीन टक्के सवलत मिळून चार टक्के पडते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने तेही माफ होते. इतका स्वस्त पैसा शेतकऱ्याला दुसरीकडे कुठेही नाही. पण मुदतीच्या आत भरायला पैसा नसतो. मग शेकडा तीनने लाख रुपये आणायचे, सोसायटीत भरायचे, नवे कर्ज उचलून ते परत करायचे. काम आठवड्यात झाले तरी गावचा सावकार महिना धरतो आणि तीन हजार घेतो. लाखावर केंद्राची तीन टक्के सवलत किती? तीनच हजार. म्हणजे दिल्लीने दिलेली सवलत गल्लीतल्या सावकाराने खाल्ली. तरी थकबाकीत जाण्यापेक्षा हे बरे, हे मान्य. पण दिवाळीच्या पट्टीतून भरण्याची रक्कम आधीच बाजूला काढता आली तर ते तीन हजार घरात राहतात. कर्जमाफी आली तर अवश्य घ्या, तो आपला हक्क आहे. २००८, २०१७, २०१९ ला ती आली. पण ती येईल या आशेवर वर्षाचा हिशेब बसवू नका. मुदत उलटते, सवलत जाते, आणि नवे कर्ज मिळत नाही म्हणून पोरगा पुन्हा शेकडा तीनवाल्याकडेच जातो.

वहीत काय लिहायचे?

मोठे शास्त्र नाही. दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर देणे: कुणाचे, किती, कोणत्या तारखेला घेतले, व्याज काय, तारण काय, जामीन कोण. दुसऱ्या पानावर येणे: आडत्याकडे राहिलेले, उसने दिलेले, विमा, अनुदान. तिसऱ्या पानापासून पिकाप्रमाणे खर्च आणि पट्टी, घरच्या माणसांचा रोज धरून. शेवटच्या पानावर कागदांची यादी: सातबारा, आठ-अ, पासबुके, विम्याच्या पावत्या कुठे ठेवल्या आहेत. वर्षातून एकदा सोसायटीच्या गटसचिवाकडून खात्याचा उतारा घ्या आणि वहीशी ताडून पाहा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढा.

पट्टी आली की घरातली सगळी माणसे बसवून आधी वाटण्या करा. पीककर्जाची रक्कम, पुढच्या पेरणीचे बी-खत, दवाखान्यासाठी हात न लावायचे थोडे, मग घर, मग सण. उरले तर मोटारसायकल.

थोरल्यांना एक विनंती

वही पोराच्या हातात देणे म्हणजे कारभार सोडणे नव्हे. पोरांना आकडा कळला तर ती घाबरतील, असे तुम्हाला वाटते. ती आताही घाबरलेली आहेत, फक्त कशाला घाबरायचे ते त्यांना माहीत नाही. पोरगा उधळ्या निघेल ही भीती असेल तर वही लिहायला द्या आणि पैसा तुमच्याकडे ठेवा. लिहिणाऱ्याचा हात आपोआप आखडतो. आणि वही एकट्या मुलाला देऊ नका. मुलीला द्या, सुनेला द्या. कारभारणीला तर पहिल्यांदा विचारा. माझ्या घरच्या पंचवीस हजारांचा दाखला मी वर दिलाच आहे.

आता त्या मुलाचे सांगून थांबतो. पुढच्या रविवारी आम्ही तिघे कार्यकर्ते त्याच्या घरी गेलो. मुलगा, त्याची आई, बहीण आणि आम्ही, अशी दिवसभर बैठक बसली. आठ जणांनी सांगितलेल्या आकड्यांची बेरीज पाच लाख दहा हजार होत होती. उतारे काढले, आईला आणि बहिणीला आठवेल ते लिहून घेतले. दोघांच्या आकड्यांतून दिलेली रक्कम वजा झाली. एकाला "कागद घेऊन या" म्हटले, तो पुन्हा आला नाही. बेरीज तीन लाख पासष्ट हजारांवर आली. वडिलांचे पासबुक चाळताना बहिणीला दर मे महिन्याच्या शेवटी कापलेले ४३६ रुपये दिसले. ती जीवनज्योती विम्याची दोन लाखांची पॉलिसी होती. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, म्हणजे विमा चालू होता. घरात कुणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला जोडून बँकेत अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. कर्जही फिटलेले नाही, सोयाबीनचा भाव हा असा असताना ते लवकर फिटणारही नाही. पण आता दारात येणाऱ्याला तो मुलगा वही उघडून दाखवतो.

पुढच्या जिल्हा बैठकीत भाषणांआधी एक तास या कामाला ठेवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. प्रत्येकाने घरातला एक तरुण मुलगा किंवा मुलगी बरोबर आणावी. येताना सातबारा, सोसायटीचा उतारा, पासबुक आणि एक कोरी वही आणावी. पेन आम्ही देऊ.